तांबं, ॲस्पिरिन आणि राहून गेलेली परीक्षा

मागच्या वेळी आपण ॲस्पिरिनचा जन्म पाहिला. आज त्याला तांब्याची जोड देण्याच्या प्रयत्नांकडे वळू. कारण हा विषय निघाला, की श्रोत्यांमधून प्रश्न येतोच: ‘संधिवातावर तांब्याचं कडं घालतात, त्याला शास्त्रीय आधार आहे का?’ उत्तर देण्याआधी इतिहास बघू या.

फिनलंडमधल्या तांब्याच्या खाणीतल्या कामगारांना, ते खाणीत काम करत असेपर्यंत, सांधेदुखी फारशी होत नाही, असं तिथल्या डॉक्टरांचं निरीक्षण होतं. ते जर्मन डॉक्टर वेर्नर हांगार्टर यांच्या कानावर आलं. त्यांनी तांब्याचा क्षार आणि सोडियम सॅलिसिलेट एकत्र करून ते द्रावण रुग्णांच्या शिरेतून द्यायला सुरुवात केली. १९५० ते १९७१ या काळात त्यांनी शेकडो रुग्णांवर हा उपचार केला आणि निष्कर्ष उत्साहवर्धक असल्याचं नोंदवलं. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. गुण औषधानं आला की आजार आपोआप ओसरला, हे मग कसं ठरवणार?

दरम्यान दुसरीकडे एक कोडं सुटत होतं. १९३८ साली केंब्रिजमध्ये मान आणि केलिन यांनी बैलाच्या रक्तातून तांबं असलेलं एक प्रथिन वेगळं केलं होतं. ते करतं काय, हे मात्र तीस वर्षं कळलं नव्हतं. १९६९ मध्ये अमेरिकेत मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी दाखवलं, की ते सुपरऑक्साइड नावाचा घातक घटक निष्प्रभ करतं. सूज येते तेव्हा शरीरात हाच घटक वाढतो. म्हणजे तांब्याचा आणि दाहाचा संबंध निव्वळ ऐकीव राहिला नाही.

१९७६ मध्ये अमेरिकेतल्या जॉन सोरेन्सन यांनी धाडसी प्रश्न विचारला: ॲस्पिरिन शरीरातल्या तांब्याशी जोडलं जाऊन मगच काम करत असेल तर? त्यांनी तांबं आणि ॲस्पिरिनचं निळं संयुग उंदरांना दिलं. सूज साध्या ॲस्पिरिनपेक्षा जास्त उतरली. शिवाय जठरात व्रणही कमी झाले!

मग हे औषध दुकानात का नाही? एक अडचण रसायनाचीच. जठरातल्या आम्लात हे संयुग टिकत नाही, आणि रक्तातली प्रथिनं तांबं ओढून घेतात. दुसरी अडचण अशी, की माणसांवरची मोठी, तुलनात्मक परीक्षा ते कधी पार करू शकलं नाही. ऑस्ट्रेलियात तांबं आणि इंडोमेथॅसिनचं संयुग कुत्र्या-घोड्यांसाठी वापरात आलं. माणसांची गाडी मात्र तिथंच अडली.

आणि कड्याची परीक्षा? ती झाली. इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी आमवाताच्या ७० रुग्णांवर ती घेतली आणि २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले: खऱ्या तांब्याच्या कड्याचा म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही.

तेव्हा उंदरांवरच्या त्या निळ्या संयुगाचं यश कड्याच्या खात्यावर जमा करता येत नाही. हौस म्हणून कडं खुशाल घाला. त्याच्या भरवशावर आमवाताची गोळी तेवढी बंद करू नका. सांधा एकदा झिजला, की पूर्ववत होत नाही.