एका रुपयाच्या पाकिटामागची गोष्ट



गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले की इकडच्या तिकडच्या गप्पा निघतात. अशाच एका बैठकीत एका वहिनींनी विचारलं, "ताई, आशाताई पाळणा लांबवायच्या गोळ्या एका रुपयाला देतात. एवढ्या स्वस्त म्हणजे हलक्याच असणार ना?" प्रश्न रास्त आहे. पण उत्तरासाठी थोडं मागे जावं लागेल.

1956 साली अमेरिकेच्या ताब्यातल्या प्वेर्तो रिको बेटावर या गोळीची मोठी चाचणी सुरू झाली. गोळी घेणाऱ्या बहुतेक बायका गरीब वस्तीतल्या होत्या. हे औषध अजून तपासलं जातंय, हे त्यांना नीट सांगितलं नव्हतं. शंभरातल्या सतराजणींनी मळमळ, चक्कर, डोकेदुखीची तक्रार केली. तिथल्या डॉक्टर एड्रिस राइस-रे यांनी कळवलं, की गोळी गर्भ रोखते, पण त्रास फार होतो. वरच्या संशोधकांनी ते मनावर घेतलं नाही. 1960 मध्ये 'एनोविड' या गोळीला अमेरिकेत गर्भनिरोधक म्हणून मान्यता मिळाली.

तिच्यात इस्ट्रोजेन प्रकारचं संप्रेरक 150 मायक्रोग्रॅम होतं. पुढे गोळी घेणाऱ्या काही बायकांच्या रक्तात गुठळ्या होत असल्याचं दिसू लागलं. 1969 मध्ये पत्रकार बार्बरा सीमन यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. 1970 मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये सुनावणी झाली, पण गोळी घेणाऱ्या बायकांना साक्षीला बोलावलंच नाही. तेव्हा ऐकायला बसलेल्या बायकांनी उभं राहून जाब विचारला. त्यानंतर गोळीसोबत धोक्यांची माहिती देणं भाग पडलं. संप्रेरकाचं प्रमाणही उतरत गेलं.

आज आपल्या माला-एन आणि माला-डीमध्ये इस्ट्रोजेन 30 मायक्रोग्रॅम असतं. पाकिटात 21 गोळ्या संप्रेरकाच्या आणि 7 लोहाच्या.

मग स्वस्त कशा? औषध जुनं आहे. त्याच्यावर आता एकाच कंपनीचा हक्क नाही, अनेक कारखाने ते बनवतात. सरकार घाऊक खरेदी करतं आणि खर्च सोसतं. सरकारी दवाखान्यात माला-एन फुकट मिळते. 2011 मध्ये आशाताईंनी घरपोच द्यायची योजना आली, तेव्हा पाकिटाला एक रुपया ठरला. तो रुपया पोचवण्याचा आहे, औषधाची खरी किंमत नव्हे. दुकानातल्या महाग पाकिटात हीच औषधं याच प्रमाणात असतील, तर जास्तीचे पैसे नावाचे आणि वेष्टनाचे.

पण स्वस्त गोळी न विचारता घ्यावी, असंही नाही. रक्तदाब जास्त असेल, पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल, डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठत असेल, वय पस्तिशीपुढे असून विडी-सिगारेट ओढत असाल किंवा बाळ सहा महिन्यांच्या आत अंगावर पीत असेल, तर ही गोळी आपल्यासाठी नाही. नर्सताईंना तसं सांगा. अंगावर पाजणाऱ्या आईला 'छाया' चालते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली ही बिनसंप्रेरकाची गोळी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. तिने पाळी लांबू शकते, हे आधीच माहीत असू द्या.

सुरुवातीला मळमळ किंवा मध्येच थोडं रक्त दिसलं, तर बहुधा दोन-तीन महिन्यांत थांबतं. पण पोटरी सुजून दुखली, छातीत दुखलं, धाप लागली, तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठा.

वहिनींना मी एवढंच म्हटलं, गोळी हलकी नाही. तिचं प्रमाण खाली आलं, ते बायकांनी त्रास बोलून दाखवला म्हणून. तुम्हीही लाजू नका, विचारा.