क्लॅरेन्स रिडली

क्लॅरेन्स ई. रिडली हे अमेरिकेतील अभियंता, नगर व्यवस्थापक आणि लोकप्रशासनाचे अभ्यासक होते. इ.स. १९२९ ते १९५६ अशी सत्तावीस वर्षे ते आंतरराष्ट्रीय नगर व्यवस्थापक संघटनेचे कार्यकारी संचालक होते. नगरपालिकेच्या सेवांचे मूल्य त्यांवर झालेल्या खर्चावरून नव्हे, तर नागरिकांना मिळालेल्या फळावरून ठरवावे, हा विचार त्यांनी संघटनेच्या कामात रुजवला. हर्बर्ट सायमन यांच्यासह त्यांनी लिहिलेला 'मेझरिंग म्युनिसिपल ॲक्टिव्हिटीज' (१९३८) हा ग्रंथ या विषयावरील आरंभीच्या महत्त्वाच्या ग्रंथांपैकी एक मानला जातो.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील अनेक शहरांचा कारभार राजकीय पक्षांच्या स्थानिक पुढाऱ्यांच्या हाती होता. नोकऱ्या आणि कंत्राटे पक्षनिष्ठेनुसार वाटली जात. यावर उपाय म्हणून परिषद-व्यवस्थापक पद्धती पुढे आली. या पद्धतीत लोकनियुक्त परिषद धोरण ठरवते आणि कारभार चालवण्यासाठी एका प्रशिक्षित, पगारी व्यवस्थापकाची नेमणूक करते. व्हर्जिनिया राज्यातील स्टॉन्टन या शहराने १९०८ मध्ये असा अधिकारी प्रथम नेमला. दक्षिण कॅरोलायनातील सम्टर शहराने १९१२ मध्ये या पद्धतीचा अंगीकार केला. ओहायो राज्यातील डेटन येथे १९१३ साली महापूर आला. त्यानंतर या मोठ्या शहरानेही १९१४ पासून ही पद्धती अमलात आणली व तिचा देशभर बोलबाला झाला.

हा व्यवस्थापक आणि महाराष्ट्रातील महानगरपालिका आयुक्त यांच्यात एक मूलभूत फरक आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ नुसार कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात आणि त्यांची नेमणूक राज्य शासन करते. अमेरिकेतील नगर व्यवस्थापकाला परिषदच नेमते आणि तीच त्याला पदावरून दूर करू शकते. त्यामुळे त्याची नोकरी परिषदेच्या मर्जीवर अवलंबून असते. व्यावसायिक संघटनेची गरज या अधिकाऱ्यांना का वाटली, हे यावरून ध्यानात येते.

डिसेंबर १९१४ मध्ये ओहायोतील स्प्रिंगफील्ड येथे आठ व्यवस्थापकांनी एकत्र येऊन ही संघटना स्थापन केली. १९२४ मध्ये तिच्या नावात 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द आला आणि त्याच वर्षी तिने सभासदांसाठी आचारसंहिता स्वीकारली.

प्रारंभिक कारकीर्द

रिडली यांचे शिक्षण मिशिगन विद्यापीठात स्थापत्य अभियांत्रिकीत झाले. १९२१ ते १९२५ या काळात ते वेस्ट व्हर्जिनियातील ब्लूफील्ड या शहराचे व्यवस्थापक होते. कोळसा खाणींच्या परिसरातील हे रेल्वेचे ठाणे होते. प्रत्यक्ष कारभाराचा हा अनुभव घेऊन ते सिरॅक्यूज विद्यापीठात संशोधनासाठी गेले आणि तेथे त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्यांचा 'मेझरिंग म्युनिसिपल गव्हर्नमेंट' हा ग्रंथ १९२७ मध्ये प्रसिद्ध झाला. एखादे शहर चांगले चालले आहे की नाही हे कशावरून ओळखावे, हा त्यांचा प्रश्न होता. तो त्यांनी पुढेही सोडला नाही.

संघटनेचे नेतृत्व

१९२९ पर्यंत संघटनेचे कार्यालय कॅन्सस राज्यातील लॉरेन्स येथे होते. त्या वर्षी ते शिकागो येथे हलवण्यात आले आणि रिडली कार्यकारी संचालक झाले. संघटनेचे माजी अध्यक्ष लुई ब्राउनलो आणि शिकागो विद्यापीठातील राज्यशास्त्रज्ञ चार्ल्स मेरियम हे लोकप्रशासनाशी निगडित संस्थांना एकत्र आणण्याच्या खटपटीत होते. रॉकफेलर कुटुंबाशी संबंधित स्पेलमन निधीने या उपक्रमाला अर्थसाहाय्य दिले. १९३८ पासून संघटनेसह अशा अनेक संस्थांची कार्यालये शिकागो विद्यापीठाच्या परिसरातील १३१३, ईस्ट सिक्स्टीएथ स्ट्रीट या इमारतीत एकत्र आली. लोकप्रशासनाच्या क्षेत्रात हा समूह केवळ '१३१३' या आकड्याने ओळखला जाऊ लागला.

रिडली यांनी पदभार स्वीकारला त्याच वर्षी महामंदीला प्रारंभ झाला. मालमत्ता कराची वसुली घटली, तर बेकारांच्या साहाय्याचा भार वाढला. कोणती सेवा कमी करावी आणि कोणती टिकवावी, हा प्रश्न व्यवस्थापकांपुढे रोज उभा राहू लागला. अशा वेळी इतर शहरांचा अनुभव उपलब्ध करून देणे हे संघटनेचे मुख्य काम बनले. त्यासाठी रिडली यांच्या कार्यकाळात पुढील साधने उभी राहिली किंवा विस्तारली :

• 'पब्लिक मॅनेजमेंट' हे मासिक. त्याचे संपादन रिडली यांच्याकडे होते.
• 'म्युनिसिपल इयर बुक' हे वार्षिक. १९३४ पासून प्रसिद्ध होणाऱ्या या ग्रंथात शहरांची तुलनात्मक आकडेवारी दिली जाई.
• सेवेत असलेल्या अधिकाऱ्यांसाठी टपालाद्वारे चालणारे अभ्यासक्रम. त्यांची पाठ्यपुस्तके पुढे मुखपृष्ठाच्या रंगावरून 'हिरवी पुस्तके' म्हणून प्रसिद्ध झाली.

ऑरिन नोल्टिंग हे या संपूर्ण काळात त्यांचे निकटचे सहकारी होते. दोघांनी मिळून 'द सिटी मॅनेजर प्रोफेशन' (१९३४) हे पुस्तक लिहिले. संघटनेच्या कामाबरोबरच रिडली शिकागो विद्यापीठात अध्यापनही करत.

सेवांचे मोजमाप

नगरपालिकांच्या मूल्यमापनावरील रिडली यांच्या वर्गात हर्बर्ट सायमन हे विद्यार्थी होते. रिडली यांनी त्यांना संशोधन साहाय्यक म्हणून घेतले. दोघांचे लेख प्रथम 'पब्लिक मॅनेजमेंट'मध्ये आले आणि १९३८ मध्ये त्यांचा ग्रंथ झाला. नगरपालिकेने किती पैसा ओतला, किती मनुष्यबळ लावले, किती काम केले आणि त्यातून काय साध्य झाले, या चार गोष्टी त्यात वेगळ्या केल्या आहेत.

रस्ते झाडण्याचे उदाहरण घेतल्यास हा भेद स्पष्ट होतो. झाडलोटीवर झालेला खर्च, झाडूवाल्यांनी केलेले तास आणि झाडलेल्या रस्त्यांची लांबी हे तीनही आकडे सहज मिळतात. रस्ता स्वच्छ राहिला का, हा चौथा आकडा मिळवणे अवघड असते. नागरिकाला मात्र त्याच्याशीच कर्तव्य असते. अग्निशमन, पोलीस, आरोग्य, ग्रंथालये, करमणुकीच्या सोयी आदी सेवांसाठी कोणते निकष लावता येतील, याची चर्चा लेखकांनी केली. या निकषांच्या मर्यादाही त्यांनी नोंदवल्या. आगीत झालेले नुकसान हे केवळ अग्निशमन दलाच्या कौशल्यावर ठरत नाही. घरांचे बांधकाम, वस्तीची दाटी आणि हवामान यांचाही त्यात वाटा असतो. त्यामुळे दोन शहरांची सरळ तुलना फसवी ठरू शकते.

पुढे सायमन यांनी संघटनात्मक निर्णयप्रक्रियेवर केलेल्या संशोधनासाठी त्यांना १९७८ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आचारसंहिता आणि व्यवस्थापकाची भूमिका

रिडली यांच्या कार्यकाळात आचारसंहितेत १९३८ आणि १९५२ मध्ये सुधारणा झाल्या. १९३८ च्या मसुद्यानुसार व्यवस्थापक हा कोणत्याही अर्थाने राजकीय नेता नव्हता. त्याने परिषदेला माहिती व सल्ला द्यावा आणि निर्णय परिषदेवर सोपवावा, अशी अपेक्षा होती. १९५२ च्या मसुद्यात त्याला समाजाचा एक नेता म्हटले गेले आणि परिषदेपुढे धोरणविषयक प्रस्ताव मांडणे हे त्याचे काम ठरले. धोरण आणि अंमलबजावणी यांच्यातील रेषा व्यवहारात काटेकोर राहत नाही, याची ही अधिकृत कबुली होती. निर्णयाचा अंतिम अधिकार मात्र परिषदेकडेच राहिला.

टीका

परिषद-व्यवस्थापक पद्धतीवर दोन प्रमुख आक्षेप घेतले गेले. पहिला असा की, शहर म्हणजे एखादी कंपनी असल्याप्रमाणे कारभाराकडे पाहिल्यास कार्यक्षमतेला महत्त्व येते. पण सेवा कोणत्या वस्तीला मिळाली आणि कोणती वस्ती वंचित राहिली, हा प्रश्न मागे पडतो. दुसरा आक्षेप निवडणुकीबाबत होता. या पद्धतीबरोबर अनेक शहरांत प्रभागनिहाय निवडणूक रद्द करून संपूर्ण शहरातून प्रतिनिधी निवडण्याची तरतूद आली. त्यामुळे कृष्णवर्णीय आणि कामगार वस्त्यांचे प्रतिनिधित्व घटल्याची टीका झाली. सरासरी आकडे चांगले असूनही शहराचा एखादा भाग उपेक्षित राहू शकतो, ही मोजमापाच्या पद्धतीतील उणीव या टीकेमुळे अधोरेखित झाली.

वारसा

१९५६ मध्ये रिडली निवृत्त झाले आणि नोल्टिंग यांनी त्यांची जागा घेतली. संघटनेने १९६९ मध्ये आपल्या नावात 'व्यवस्थापक' ऐवजी 'व्यवस्थापन' असा बदल केला आणि १९९१ मध्ये काउंटी प्रशासनाचाही नावात समावेश केला. १९९० च्या दशकात तिने शहरांच्या कामगिरीच्या तुलनेचा उपक्रम पुन्हा मोठ्या प्रमाणावर हाती घेतला. केलेले काम आणि त्यातून झालेला परिणाम यांतील जो भेद रिडली आणि सायमन यांनी १९३८ मध्ये मांडला, तो आजही नागरी सेवांच्या मूल्यमापनात पायाभूत मानला जातो.

हेसुद्धा पहा

• स्थानिक स्वराज्य संस्था
• महानगरपालिका आयुक्त
• हर्बर्ट सायमन
• लोकप्रशासन