फॉन्ट गेला, अक्षर राहो!

१९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. तो हाती लागला तर आजही सरळ वाचता येईल. पण आपल्या मंडळाचा वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा अंक कॉम्प्युटरवर उघडा, पडद्यावर इंग्रजी अक्षरांची नुसती भेळ! त्या काळच्या अनेक मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असत. फॉन्ट गेला की मराठीही गेली. खरं तर युनिकोडच्या पहिल्याच, १९९१ च्या आवृत्तीत देवनागरी होती. पण ती घरोघरी पोचायला बरीच वर्षं गेली.

यावरचा उपाय आपल्या साउथहॅम्प्टनला नवा नाही. इथल्या विद्यापीठात शिकवलेले सेबॅस्टियन राट्स (निधन २०१६) यांनी पुढे अशी साधनं घडवली, की साध्या मजकुरात शीर्षक, परिच्छेद, टीप अशा खुणा एकदाच करायच्या. छापील पान आणि वेबपान दोन्ही त्यातूनच निघतात. याच विद्यापीठात २००० साली ‘ईप्रिंट्स’ ही मुक्त प्रणाली तयार झाली. लेखक, शीर्षक, वर्ष यांची ठराविक नोंद करून लेख जपणं हे तिचं काम.

आपणही एवढं करूया. प्रत्येक लेख युनिकोडमधल्या साध्या फाइलीत ठेवायचा, फाइलीच्या नावात वर्ष घालायचं, खुणा सगळ्यांनी सारख्याच करायच्या आणि पीडीएफ त्यातूनच काढायची. संपादक दरवर्षी बदलोत, पद्धत बदलू नये. नाहीतर आजीनं हौसेनं लिहिलेला लेख नातवाला दिसेल, पण वाचता येणार नाही.

शुभ दीपावली!