सफरचंद, आरसा आणि तीन वाट्या : हॅलोवीनच्या खेळांची गोष्ट



विषय जाहीर झाल्यावर एका जुन्या स्नेह्यांचा फोन आला. म्हणाले, "सर, जन्मभर कांट शिकवलात आणि आता भोपळे कोरायला लागलात काय?" त्यांना सांगितलं, कांट तरुणपणी बिलियर्ड्स चांगलं खेळायचा. खेळ ही तत्त्वज्ञानाला परकी गोष्ट नाही. मात्र आज मी तत्त्वज्ञान थोडं आणि इतिहास जास्त सांगणार आहे.

सुरुवातीलाच एक केरकचरा काढून टाकू. हॅलोवीन म्हटलं की लगेच 'दोन हजार वर्षांपूर्वीचा केल्टिक उत्सव' असं वाक्य येतं. सावइन नावाचा हिवाळ्याच्या तोंडाचा सण जुन्या आयर्लंडमध्ये होता, हे खरं. पण त्याची माहिती आपल्याला मिळते ती मध्ययुगीन हस्तलिखितांतून, म्हणजे ख्रिस्ती भिक्षूंच्या लेखणीतून. त्या रात्री नेमकं काय करत, याचा तपशील त्यांत फार थोडा आहे. दुसरी दंतकथा अशी की, पाण्यातलं सफरचंद दातांनी पकडण्याचा खेळ रोमनांच्या पोमोना या फळदेवतेच्या उत्सवातून आला. आता रोमन लोक सणवारांची नोंद ठेवण्यात आपल्या पंचांगकर्त्यांइतकेच काटेकोर. पण त्यांच्या पंचांगात पोमोनाचा असा उत्सव सापडत नाही! चर्चच्या बाजूनं मात्र जमीन पक्की आहे. नवव्या शतकापर्यंत १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस पश्चिम युरोपात रूढ झाला, पुढे २ नोव्हेंबर हा मृतात्म्यांचा दिवस त्याला जोडला गेला, आणि ३१ ऑक्टोबर ही झाली संतदिनाची पूर्वसंध्या. हॅलोवीन शब्दाचा अर्थही तेवढाच.

मग खेळांचा भरवशाचा पुरावा कुठं मिळतो? एका कवितेच्या तळटिपांमध्ये. रॉबर्ट बर्न्सनं १७८५ साली 'हॅलोवीन' नावाची दीर्घ कविता लिहिली, ती १७८६ च्या किल्मार्नॉक आवृत्तीत छापली गेली. बर्न्स शेतकऱ्याचा मुलगा, वय सव्वीस-सत्तावीस. शहरी वाचकांना खेड्यातल्या रीती कळणार नाहीत म्हणून त्यानं स्वतःच टिपा जोडल्या. कविता रंगतदार आहेच, पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्या टिपा म्हणजे घबाड आहे.

काय खेळत होती ही मंडळी? पहिला खेळ केलचा. केल ही कोबीच्या जातीची भाजी. डोळे मिटून परसात जायचं आणि हाताला लागेल तो दांडा उपटायचा. दांडा सरळ की वाकडा, मोठा की खुरटा, तसा नवरा किंवा बायको. मुळाला माती चिकटून आली तर हुंडा मिळणार. दांड्याचा गाभा चाखायचा. गोड लागला तर स्वभाव गोड, कडू लागला तर... ते तुम्हाला माहीत आहेच. (हशा) दुसरा खेळ कवचीच्या फळांचा. दोन फळांना मुलाचं आणि मुलीचं नाव द्यायचं आणि शेजारी शेजारी विस्तवात ठेवायची. शांतपणे बरोबर जळली तर संसार सुखाचा, एक ताडकन उडालं तर जुळत नाही. तिसरा खेळ वाट्यांचा. चुलीपुढे तीन लाकडी वाट्या, एकीत स्वच्छ पाणी, दुसरीत गढूळ, तिसरी रिकामी. डोळे बांधून हात बुडवायचा. स्वच्छ पाणी म्हणजे कुमारिकेशी लग्न, गढूळ म्हणजे विधवेशी, रिकामी म्हणजे लग्नच नाही. असं तीनदा करायचं आणि दर वेळी वाट्यांच्या जागा बदलायच्या. कवितेतल्या बिचाऱ्या जॉनकाकांच्या हाताला तिन्ही वेळा रिकामी वाटी लागते आणि ते चिडून वाट्या विस्तवात फेकून देतात. खेळाला खेळ न समजणारा माणूस प्रत्येक गावात असतोच.

आणि त्याच कवितेत एक छोटी जेनी आहे. ती आजीला म्हणते, माझ्याबरोबर चल, मला आरशासमोर सफरचंद खायचंय. समजूत अशी की, मेणबत्ती घेऊन एकटीनं आरशासमोर सफरचंद खाल्लं, तर होणाऱ्या नवऱ्याचा चेहरा खांद्यावरून डोकावतो. जेनी मोठ्यांच्या खेळात शिरायला उत्सुक आहे, पण एकटीनं जायची हिंमत नाही म्हणून आजी हवी. आजी भडकते. इतकी की चिलमीची ठिणगी पडून तिच्या एप्रनला भोक पडतं आणि तिचं लक्षही नसतं! ती बजावते की, असल्या नादानं घाबरून वेडी झालेली माणसं मला माहीत आहेत. आज इंग्रजीत ज्यांना 'ट्वीन' म्हणतात, म्हणजे नऊ ते बारा वर्षांची, ना धड लहान ना धड मोठी मुलं, त्यांचं इतकं अचूक चित्र मला दुसरीकडे सहसा आढळलेलं नाही. आजीसुद्धा अचूक आहे.

तेव्हा पहिली गोष्ट लक्षात ठेवा : हे खेळ मुळात करमणूक म्हणून नव्हते. माझं लग्न कुणाशी होईल, होईल की नाही, पुढच्या वर्षी मी असेन का, हे प्रश्न त्यात होते. जेम्स जॉइसच्या 'डब्लिनर्स' या १९१४ च्या संग्रहात 'क्ले' नावाची छोटी कथा आहे. तिथंही हॅलोवीनची संध्याकाळ, आणि वाट्यांऐवजी बश्या. अंगठी मिळाली तर लग्न, प्रार्थनापुस्तक मिळालं तर मठ, पाणी मिळालं तर परदेशप्रवास. मारिया नावाच्या प्रौढ, अविवाहित बाईचे डोळे बांधले जातात आणि तिच्या बोटांना काहीतरी ओलं, मऊ लागतं. शेजारच्या मुलींनी बशीत माती ठेवलेली असते. माती म्हणजे मृत्यू. खोलीत शांतता पसरते, घरची बाई एका मुलीला रागावते आणि मारियाला पुन्हा खेळायला लावतात. आता प्रार्थनापुस्तक हाताला येतं. मारियाला काय झालं ते कळतच नाही. मोठ्यांनी खेळातून माती काढून टाकायला सुरुवात केली, तो क्षण जॉइसनं असा पकडून ठेवला आहे.

आयर्लंडच्या दुष्काळानंतर, म्हणजे १८४० च्या दशकापासून, आयरिश माणसं मोठ्या संख्येनं अमेरिकेत गेली. सणही गेला. कोरलेल्या सलगमची जागा भोपळ्यानं घेतली, कारण भोपळा तिथं मुबलक आणि कोरायला सोपा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मध्यमवर्गीय स्त्रियांच्या मासिकांनी आरसा, सफरचंद, विस्तवातली फळं हे सगळं दिवाणखान्यात आणलं. मॅसॅच्युसेट्समधल्या डेनिसन कंपनीनं १९०९ साली 'बोगी बुक' काढलं. सजावट कशी करावी, पोशाख कसे शिवावेत, खेळ कोणते घ्यावेत, हे सांगणारी पुस्तिका. कंपनी क्रेप कागद विकत होती, हे वेगळं सांगायला नको. १९१९ साली रूथ एडना केली या ग्रंथपालबाईंनी हॅलोवीनचा इतिहास पुस्तकरूपानं लिहिला. ग्रंथालय आणि हॅलोवीन यांचं नातं असं जुनं आहे.

पण घराबाहेर मुलगे काय करत होते? फाटकं पळवणं, खिडक्यांना साबण फासणं, परसातले लाकडी संडास उचलून दुसरीकडे नेऊन ठेवणं. आपल्याकडे शिमग्याला लाकडं पळवणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. १९३० च्या मंदीच्या काळात हे प्रकार हाताबाहेर गेले आणि मुलांना आत आणण्यासाठी गावोगाव कार्यक्रम आखले गेले. मिनेसोटातल्या अनोका गावानं तर १९२० मध्येच त्यासाठी मिरवणूक काढली होती. हार्पर लीच्या 'टु किल अ मॉकिंगबर्ड'मध्ये (१९६०) हेच दिसतं. पोरांनी दोन ऐकू न येणाऱ्या बहिणींचं सगळं सामान तळघरात नेऊन ठेवलेलं असतं, म्हणून पुढच्या वर्षी गावातल्या बायका शाळेत रीतसर हॅलोवीन भरवतात. आणि त्या सुरक्षित कार्यक्रमातून घरी येताना, डुकराच्या मांडीच्या सोंगात असलेल्या स्काउटवर आणि तिच्या भावावर हल्ला होतो. भूत करत नाही, गावातलाच एक मोठा माणूस करतो.

अगाथा ख्रिस्तीच्या १९६९ च्या 'हॅलोवीन पार्टी'तही तसंच. अकरा वर्षांवरच्या मुलांसाठी एका बाईंनी नेटकी पार्टी ठेवली आहे. सफरचंदांची बादली आहे, मुलींसाठी नवऱ्याचा चेहरा दाखवणारा आरसा आहे, पेटत्या ब्रँडीतून मनुका उचलण्याचा खेळ आहे. तेरा वर्षांची जॉइस सगळ्यांसमोर फुशारकी मारते की, मी एक खून पाहिलाय. मोठे हसतात. त्याच रात्री ती सफरचंदांच्या बादलीत बुडवून मारलेली सापडते, तेही घरातल्या ग्रंथालयात. रहस्य मी फोडत नाही. एवढंच विचारतो, तिचं बोलणं कुणी नीट ऐकून का घेतलं नाही?

पुढची भीती आली विषारी गोळ्यांची. परकी माणसं मुलांच्या खाऊत ब्लेड आणि विष घालतात, असा बोलबाला १९७० नंतर अमेरिकेत वाढला. समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट आणि जेराल्ड होरिउची यांनी १९८५ मध्ये वर्तमानपत्रांतल्या बातम्या तपासल्या. अनोळखी माणसानं अशा रीतीनं मूल मारल्याचं एकही सिद्ध प्रकरण त्यांना मिळालं नाही. टेक्सासमध्ये १९७४ साली एक आठ वर्षांचा मुलगा सायनाइडनं खरोखर मेला. ते विष त्याच्या बापानंच, विम्याच्या पैशांसाठी घातलं होतं.

म्हणजे बघा, प्रत्येक पिढीच्या पार्टीत मोठ्यांची एकेक भीती दडलेली आहे. आधी लग्नाची, मग पोरांच्या दंग्याची, मग विषाची. आज कोणती? माझी नात न्यू जर्सीत असते, अकरा वर्षांची आहे. तिच्या आईनं घरी 'पुस्तकांची हॅलोवीन' ठरवली. प्रत्येकानं पुस्तकातलं पात्र होऊन यायचं आणि खेळही पुस्तकांचे. आजची भीती आहे, मुलं वाचत नाहीत! मला फोनवर खेळांची यादी दाखवली. पाच खेळ, त्यातले चार प्रश्नमंजूषा. लेखक ओळखा, शीर्षक ओळखा, गुण लिहा.

इथं थोडं तत्त्वज्ञान. रोजे कायवा या फ्रेंच विचारवंतानं १९५८ साली खेळांचे चार प्रकार सांगितले : स्पर्धा, दैव, सोंग आणि गरगरणं. बर्न्सचे खेळ जवळजवळ सगळे दैवाचे आहेत. त्यात हुशार मुलीला आणि मठ्ठ मुलीला सारखीच वाटी. प्रश्नमंजूषा म्हणजे निव्वळ स्पर्धा, शाळेचीच दुसरी शाखा. जे मूल कमी वाचतं ते तिथं आणखी एकदा हरतं, आणि तेही पुस्तकांच्या नावानं. सुनेला मी हे स्पष्ट सांगितलं. तिला फारसं आवडलं नाही, पण यादीतले दोन खेळ बदलले.

काय सुचवलं ते सांगतो, कारण तुमच्यापैकी काहींची नातवंडंही तिकडे आहेत. दिवे घालवायचे, एक टॉर्च फिरवत ठेवायचा. ज्याच्या हाती टॉर्च येईल त्यानं आपल्या आवडत्या पुस्तकातलं भीतीचं एक पान वाचायचं आणि ऐन ठिकाणी थांबायचं. पुढं काय झालं ते शेजाऱ्यानं रचून सांगायचं, बरोबर-चूक काही नाही. फास्टर फेणे चालेल, नारायण धारप या वयाला थोडे पुढचे होतील. दुसरा खेळ तीन वाट्यांचा. डोळे बांधून हात घालायचा आणि हाताला लागेल त्या वस्तूवरून, किल्ली असो, पीस असो, आपल्या पात्राचं पुढं काय होईल ते सांगायचं. सफरचंदाची बादली मात्र नको. सगळ्यांची तोंडं एकाच पाण्यात, आणि लहान मुलांना पाण्यात डोकं घालायला लावणं हे मला ख्रिस्ती वाचण्याआधीही पटत नव्हतं.

एका वाटीत ओली माती ठेवायची की नाही, यावर घरात बराच वाद झाला. सून म्हणाली, मुलं घाबरतील. मी म्हटलं, ठेवा, आणि ज्याच्या हाताला लागेल त्याला विचारा काय वाटलं, पण तो बोलत असताना मध्ये कुणी हसू नका. माती ठेवली गेली. कुंडीतली होती.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.