मालगुजार आणि नाठाळ कूळ

वर्धा जिल्ह्यांतील जुन्या वाड्यांतून मालगुजारीच्या काळचे जमाबंदीचे रुमाल अद्यापि सांपडतात. संग्राहकांची दृष्टि सनदा व वतनपत्रें यांकडे असते. कुळांच्या याद्यांस सहसा कोणी विचारीत नाहीं. परंतु मालक कुळांपासून काय शिकला, हें पाहण्यास याहून चांगलें साधन नाहीं, असें आम्हांस वाटतें.

भोसल्यांच्या अमलांत गांवचा पाटील जमिनीचा मालक नव्हता. दरसाल ठरणारी गांवची रक्कम कुळांवर वांटून वसूल करणें व सरकारांत भरणें, हें त्याचें काम. त्या काळीं जमीन मुबलक आणि कास्तकार थोडे. बोजा असह्य झाला कीं कूळ परागंदा होई. शेत पडीत राही आणि त्याची तूट पाटलाच्या माथीं येई. म्हणून कौल देऊन कूळ वसवावें, इस्ताव्यानें पहिल्या सालीं थोडा व पुढें क्रमानें वाढता सारा घ्यावा, ही रीत. शांतिपर्वांत भीष्मानें युधिष्ठिरास सांगितलेला भ्रमराचा दृष्टांत सर्वच पाटलांनीं ऐकला होता असें नव्हे; गांव सोडून जाणाऱ्या कुळानें तो त्यांस शिकविला.

सन १८५४ त नागपूरचें राज्य खालसा झालें व १८६२ त वर्धा जिल्हा निराळा झाला. त्या सुमाराच्या बंदोबस्तांत गांव सांभाळणारे मालगुजार या नांवानें मालक ठरले. वर्धा नदीपलीकडे वऱ्हाडांत रयतवारी आली. अलीकडे सरकार व कूळ यांच्यामध्यें मालगुजार उभा राहिला. तशांत अमेरिकेंतील यादवीमुळें (१८६१-६५) कापसाचा भाव चढला. हिंगणघाटच्या कापसाचें नांव झालें, मागोमाग आगगाडी आली व जमिनीस मोल आलें. आतां नाठाळ कूळ पळून जाईना. तें जागेवर राहून हक्क सांगूं लागलें. १८५९ च्या दहाव्या कायद्यानें बारा वर्षांच्या वहिवाटीनें मौरुशी हक्क मिळे. तो मिळूं नये म्हणून कुळांचीं शेतें फिरविणें हा मालकास सुचणारा सोपा उपाय. पण ज्यास उद्यां शेत सुटण्याची धास्ती, तो बांध कशास घालील, खत कशास टाकील? पुढें १८८३, १८९८ व १९२० च्या कूळकायद्यांनीं मालकाचा हात क्रमानें आंवळला. पूर्वीं जें गरजेनें कळत होतें, तें आतां कायद्यानें शिकवावें लागलें.

सर्वच कुळें निर्दोष होतीं असें नाहीं; ऐपत असून लगान थकविणारेंहि असे. परंतु १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत थकलेलें कूळ आणि तें कूळ, दोन्ही बाकीच्या रकान्यांत सारखेंच दिसतात. ‘नाठाळ’ हा शब्द मालकाचा आहे. यादी लिहिणारा कारकूनहि त्याचाच.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति कीं, एकच साल पाहून निर्णय करूं नये. लागोपाठची दहा सालें ओळीनें लावावीं. नांव खोडलेलें दिसल्यास शेत पुढें कोणाकडे गेलें कीं पडीत राहिलें, तें पाहावें. तेंच नांव कमी आकारानें परत आलेलें आढळल्यास मालक कांहीं शिकला असें समजावें. सन १९५१ त मालगुजारी संपली. वाडे पडत आहेत आणि रुमाल रद्दींत जात आहेत. कुळाची बाजू त्याच्या स्वतःच्या हातची क्वचितच मिळते. ती या खोडलेल्या नांवांत उरली आहे. तेवढी तरी राखावी.