बोललं कोण, काचा कुणाच्या

शनिवार, १७ नोव्हेंबर २०१२, दुपार. अजून पावणेदोन दिवस.

भाऊबीज होऊन दोनच दिवस झाले होते. डोंबिवलीत आमच्या इमारतीच्या गॅलऱ्यांत आकाशकंदील तसेच लोंबत होते. साडेतीनच्या सुमारास मातोश्रीवर बाळासाहेब ठाकरे गेले. थोड्या वेळाने डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, आणि टीव्हीवर बातमी उमटायच्या आत खालच्या रस्त्यावर शटरं खडाखडा ओढली जाऊ लागली. बंद करा म्हणून सांगायला कुणी आलं नव्हतं. तसं सांगावं लागत नाही. वाण्याने अर्धं शटर खाली घेऊन वाकून मला दुधाच्या दोन पिशव्या दिल्या आणि म्हणाला, "उद्याचं काही खरं नाही, घेऊन ठेवा."

त्याचे डोळे लाल होते. तो खरंच रडला होता. त्याच्या गल्ल्यामागे गेली कित्येक वर्षं बाळासाहेबांची तसबीर होती. त्याच्या शेजारच्या मोबाइल दुकानदाराने मात्र इकडेतिकडे बघत, कुलूप दोनदा ओढून पाहत दुकान बंद केलं. एकाचं दुःख, दुसऱ्याची धास्ती. रस्त्यावरून बघणाऱ्याला दोन्ही शटरं सारखीच दिसत होती.

रविवार, १८ नोव्हेंबर, दिवसभर. अजून एक दिवस.

दिवाळीच्या पहाटे जिथे पाऊल ठेवायला जागा नसते, त्या फडके रोडवर कुत्री झोपली होती. अंत्ययात्रा सकाळी वांद्र्याहून निघाली. शिवाजी पार्कला पोचायला तिला अख्खा दिवस लागला. आम्ही सगळे टीव्हीसमोर. एवढा माणूस एका ठिकाणी मी आयुष्यात पाहिला नव्हता, आणि त्यातले बहुतेक स्वतःच्या पायाने, स्वतःच्या मनाने आले होते, हे लिहायला मला काही अडचण नाही.

पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. वेगळा जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. त्याआधी तिथल्या माणसाला कलेक्टर कचेरीत काम असलं की दादर गाठून गाडी बदलायची, नाहीतर वसई–दिवा मार्गावरच्या मोजक्या गाड्यांची वाट बघायची. पोलीस अधीक्षकही ठाणे ग्रामीणचेच. अशा त्या पालघरात एकवीस वर्षांच्या एका मुलीने रविवारी फेसबुकवर चार ओळी टाकल्या. मतलब असा की रोज हजारो माणसं मरतात, जग चालूच राहतं. आज मुंबई बंद आहे ती आदराने नव्हे, भीतीने. तिच्या मैत्रिणीने ते लाइक केलं आणि खाली आपलं मत लिहिलं.

माझी आई असती तर म्हणाली असती, बाई, आज नको. चिता पेटायची आहे, आज तोंड आवर. मलाही तसंच वाटतं. वाण्यापुरतं बोलायचं तर ती मुलगी चुकली होती. मोबाइलवाल्यापुरतं बोलायचं तर तिने नेमकं लिहिलं होतं. पण यावर भांडायला एक पूर्ण आठवडा मिळायला हवा होता. मिळाले काही तास.

रविवार, संध्याकाळी सातच्या सुमारास. अजून एक रात्र.

शिवाजी पार्कवर शासकीय इतमामात अग्नी दिला गेला होता. पालघरात त्या मुलीला फोन आला. शिवसेनेच्या स्थानिक पदाधिकाऱ्याने विचारलं, हे लिहिलंस ते बरोबर वाटतं का? तिने पोस्ट काढून टाकली. माफी मागितली. खरं तर प्रकरण इथेच संपलं होतं. लिहिणारीने मागे घेतलं, दुखावलेल्याला माफी मिळाली. गावातल्या कुठल्याही कट्ट्यावर याहून मोठी भांडणं याहून कमी बोलण्यात मिटतात.

तेवढ्यात तक्रार झाली. पोलीस ठाण्याबाहेर माणसं जमली. आणि एक घोळका वेगळ्या दिशेने निघाला: मुलीच्या काकांच्या दवाखान्याकडे.

हाडांचा दवाखाना. इथला रुग्ण म्हणजे कुणाचा पाय प्लॅस्टरमध्ये, कुणाच्या मांडीत सळई, कुणाला वजन बांधून झोपवलेलं. गडबड झाली तर बाकीच्या दवाखान्यांतला माणूस निदान जिना उतरून पळतो. घोळक्याने काचा फोडल्या, सामानाची, उपकरणांची नासधूस केली. डॉक्टरांनी एक ओळ लिहिली नव्हती. काही लाइक केलं नव्हतं. बंदबद्दल त्यांचं मत काय, हे कुणी विचारलंही नव्हतं. आडनाव जुळत होतं, आणि दवाखान्याला फोडता येण्याजोग्या काचा होत्या.

या सगळ्या प्रकरणात मी पुन्हापुन्हा याच जागी अडतो. आपल्याकडे बोलणाऱ्याला शिक्षा होते ही अर्धीच गोष्ट. बोलणारा हाती लागेपर्यंत शेजारच्याला होऊन जाते.

रेडिओचंच बघा. सप्टेंबर २००७ मध्ये इंडियन आयडॉल जिंकलेल्या प्रशांत तमांगवर दिल्लीतल्या रेड एफएमच्या एका निवेदकाने नेपाळी म्हणजे पहारेकरी अशा अर्थाचा पाचकळ विनोद केला. दिल्लीच्या एफएमचा आवाज दिल्लीच्या आसपासच विरतो. पण २८ सप्टेंबरला दंगल पेटली ती शेकडो कोस लांबच्या सिलिगुडीत. संचारबंदी लागली, लष्कर उतरवावं लागलं. ज्यांची डोकी फुटली त्यांनी तो विनोद बहुधा कानाने ऐकलाही नव्हता. नंतर केंद्र सरकारने दिल्लीतलं ते रेडिओ केंद्र आठवडाभर गप्प केलं. खाजगी एफएमला परवान्याबरोबर आकाशवाणीची कार्यक्रम संहिता पाळावी लागते, त्यामुळे निदान आवाज बंद करायला एक अधिकृत खटका तरी असतो. तोही दंगलीनंतरच दाबला जातो, ही गोष्ट वेगळी.

मुंबईतला प्रकार त्या मानाने विनोदी. जुलै २०१७ मध्ये त्याच रेड एफएमच्या मलिष्काने खड्ड्यांवरून महापालिकेची खिल्ली उडवणारं विडंबन गायलं. शिवसेनेच्या नगरसेवकांनी पाचशे कोटींचा दावा लावा म्हणून मागणी केली, आणि पालिकेचं पथक तिच्या घरी पोचलं. कुंडीखालच्या ताटलीत डासांच्या अळ्या सापडल्या. नोटीस निघाली. अळ्या खऱ्या असतील, पावसाळ्यात कुणाच्या घरी नसतात? पण खड्ड्यांबद्दल बोललेल्या बाईच्या घरी कुंड्या तपासायला जाण्याची तत्परता मला फार मराठी वाटते. आपल्याकडे राग काढायला जागा शोधावी लागत नाही.

रविवार रात्र. अजून काही तास.

पालघर पोलीस ठाण्यात प्रश्न होता, कलम कोणतं? आधी लावलं २९५ अ, म्हणजे धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावणं. बंदवर टीका केल्याने कुठला धर्म दुखावला, ते कागदावर बसेना. मग ते गेलं आणि आलं ५०५(२), समाजात तेढ. जोडीला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ अ. हे कलम म्हणजे सगळ्या कुलपांना लागणारी किल्ली. संगणकावरून किंवा फोनवरून अतिशय आक्षेपार्ह असं काही पाठवलं, किंवा नुसता त्रास, गैरसोय होईल अशी खोटी माहिती पाठवली, तरी तीन वर्षांपर्यंत कैद. आक्षेपार्ह म्हणजे काय, हे कायद्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते त्या रात्री ठाण्याबाहेर उभ्या असलेल्यांनी सांगितलं.

सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करायची नाही, असा तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचा नियम. तेवढा एक नियम मात्र सगळ्यांना आठवला.

सोमवार, १९ नोव्हेंबर, सकाळ.

दोघींना अटक झाली. लिहिणारीला आणि लाइक करणारीलाही. न्यायालयात उभं केलं, आधी कोठडी सुनावली आणि मग प्रत्येकी १५ हजारांच्या जातमुचलक्यावर सोडलं. दोघींचे चेहरे रुमालाने झाकलेले. त्याच सकाळी आमच्या वाण्याने दुकान उघडलं, तसबिरीला हार घातला आणि शिळी दुधाची पिशवी परत घेतली नाही.

पुढचे दहा दिवस भराभर सांगतो. प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष मार्कंडेय काटजू यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणांना पत्र लिहून अटक करणाऱ्या पोलिसांवरच कारवाई मागितली. देशभर आरडाओरडा झाला. दवाखाना फोडणाऱ्यांनाही अटक झाली, सुटकाही झाली. २७ नोव्हेंबरला ठाणे ग्रामीणचे पोलीस अधीक्षक आणि पालघरचे वरिष्ठ निरीक्षक निलंबित झाले, आणि कोठडी सुनावणाऱ्या न्यायदंडाधिकाऱ्यांची बदली जळगावला झाली. दुसऱ्या दिवशी, २८ तारखेला, पोलिसांच्या निलंबनाच्या निषेधार्थ शिवसेनेने पालघर बंद ठेवलं. बंद भीतीने पाळला जातो असं लिहिणारीवरच्या कारवाईचा शेवट बंदने व्हावा, हे कुणा नाटककाराला सुचलं असतं तर दिग्दर्शकाने खोडून टाकलं असतं.

२९ नोव्हेंबरला श्रेया सिंघल नावाची विद्यार्थिनी ६६ अ विरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. दोघींवरचा गुन्हा बंद झाला. २४ मार्च २०१५ ला न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती नरिमन यांच्या खंडपीठाने ६६ अ घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. कलम मेलं, पण पोलीस ठाण्यांतल्या लेखणीतून गेलं नाही. मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवले जात राहिले, आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यावर थक्क व्हावं लागलं.

सोमवार, २४ मार्च २०२५. त्या निकालाला बरोबर दहा वर्षं.

आदल्या दिवशी विनोदवीर कुणाल कामराचा कार्यक्रम यूट्यूबवर आला होता. त्यात ठाण्याच्या रिक्षेवरून एक विडंबनगीत होतं. ठाण्यात कधी काळी रिक्षा कोण चालवत असे, हे तीन हात नाक्यापासून कल्याणच्या शिवाजी चौकापर्यंत कुणाला सांगावं लागत नाही, आणि एकनाथ शिंदे स्वतःही ते अभिमानाने सांगतात. रविवारी रात्री त्यांच्या शिवसैनिकांनी खारमधल्या 'द हॅबिटॅट'मध्ये शिरून खुर्च्या, दिवे फोडले. कामरा तिथे नव्हताच. कार्यक्रमाचं चित्रीकरण कधीच उरकलं होतं. बाराएक जण पकडले गेले आणि त्याच दिवशी जामिनावर बाहेर आले. गुन्हा कामरावरही नोंदवला गेला.

त्याने निवेदन काढलं. त्यातला एक दाखला असा होता की विनोदवीराच्या शब्दांसाठी जागा फोडणं म्हणजे पुढ्यात आलेलं बटर चिकन आवडलं नाही म्हणून टोमॅटोचा ट्रक उलटवणं.

तोवर सोमवार दुपारपर्यंत महापालिकेचे लोक हातोडे घेऊन हॅबिटॅटवर पोचले होते. अनधिकृत बांधकाम, असं कारण सांगितलं गेलं. रात्रीच्या फुटलेल्या काचा बाजूला सारून त्यांनी कामाला सुरुवात केली.