पाच ताटं

चार्ली चॅप्लिनचा 'द गोल्ड रश' पाहताना सगळं थिएटर हसतं. मीही हसतो, पण एके ठिकाणी मला उगाच खुर्चीखाली चपला शोधाव्याशा वाटतात.

बूट शिजवून खातो तिथं नव्हे. तो बूट ज्येष्ठमधाच्या मिठाईचा होता. आमच्या खाणावळीतल्या पोळ्या खऱ्या होत्या! गंमत म्हणजे चार्लीनं हा प्रसंग उचलला तो १८४६-४७ च्या हिवाळ्यात सिएरा नेवाडाच्या बर्फात अडकलेल्या डॉनर तांड्याच्या हकिकतीवरून. त्या लोकांनी आधी कातडी उकळून खाल्ली, आणि पुढं काहींनी मेलेले सोबतीसुद्धा. यातून विनोद काढायचा म्हणजे छाती हवी.

चित्रपट १९२५ चा, गोष्ट क्लोंडाइकची. कॅनडाच्या त्या टोकाला १८९६ साली सोनं सापडलं आणि साधारण लाखभर माणसं घरदार सोडून निघाली. त्यात कारकून होते, मास्तर होते. बरोबर वर्षभराचा शिधा असल्याशिवाय पोलीस हद्दीत घेत नसत. सगळं मिळून टनभर ओझं! चिलकूट खिंडीची तीच चढण वीस-वीस, तीस-तीस वेळा चढायची. पोचले तीस-चाळीस हजार, आणि पाहतात तो चांगल्या जागा आधीच गेलेल्या. त्या बर्फातल्या मुंग्यांसारख्या रांगेचे फोटो पाहून चार्लीला हा चित्रपट सुचला. रांगेत माझ्या ओळखीचे बरेच चेहरे असावेत असं मला वाटतं.

तर चपलांची जागा. लोकांच्या दारातला बर्फ उपसून चार्ली पैसे जमवतो आणि वर्षअखेरच्या रात्री जॉर्जिया नि तिच्या मैत्रिणींसाठी टेबल मांडतो. वाट पाहता पाहता डोळा लागतो. स्वप्नात काट्यांना पाव टोचून तो त्यांचा नाच करून दाखवतो. थिएटर खदखदतं. जागा होतो तेव्हा बारा वाजलेले, आणि पोरी तिकडं नाचघरात.

मुंबईतल्या माझ्या पहिल्या पगाराला मीही कचेरीतल्या चौघांना खोलीवर जेवायला बोलावलं होतं. श्रीखंड आणलं, शेजारच्या मावशींकडून पाच ताटं आणली. साडेदहापर्यंत जिन्यावर वाजलेलं प्रत्येक पाऊल वरच्या मजल्यावर गेलं.

दुसऱ्या दिवशी एक जण म्हणाला, "अरे, काल होतं होय?"

"छे! बरं झालं आला नाहीत, मलाच काम निघालं," मी म्हणालो.

ताटं मात्र रात्रीच पाचही घासून ठेवली होती. सकाळी परत करायला गेलो तर मावशींनी विचारलं, "जेवले का रे पोटभर?"

"हो मावशी. श्रीखंड पुरलं नाही."